‘युझुफ्रक्ट’ या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ आणि वापर

प्रश्न : वाचनखूण

सर्वांना नमस्कार. माझी मावशी आणि काका गोव्यात, बार्देश तालुक्यात राहतात. त्यांनी राहते घर आणि त्यामागचे लहानसे नारळाचे कुळागर मुलीच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याचे ठरवले आहे. वकिलाने पाठवलेला इंग्रजी मसुदा मी वाचून दाखवत असताना एका वाक्यापाशी आम्ही सगळेच अडखळलो. घर आणि बाग मुलीला देत आहोत, मात्र दोघांपैकी शेवटची व्यक्ती हयात असेपर्यंत त्यांचा ‘युझुफ्रक्ट’ देणारे स्वतःकडे राखून ठेवत आहेत, असा त्या वाक्याचा एकूण आशय आहे. काकांना पोर्तुगीज काळातला ‘उझुफ्रुतु’ हा शब्द ऐकून माहीत होता, त्यामुळे त्यांना त्यात नवल वाटले नाही. मला मात्र तो नीट समजून घ्यायचा आहे.

शब्दकोशात ‘भोगाधिकार’, ‘फलोपभोग’, ‘उपभोगाचा हक्क’ असे पर्याय सापडले. माझा भाऊ पुण्याला असतो. त्याच्या मते सातबाऱ्यावर जो ‘भोगवटादार’ लिहिलेला असतो तोच हा. मला ते पटत नाही, कारण सातबाऱ्यावरच्या भोगवटादाराला आपण व्यवहारात मालकच समजतो आणि इथे तर मालकी मुलीकडे जाणार आहे. हाच शब्द मला यापूर्वी मराठेशाहीतील सरंजामांवरच्या एका इंग्रजी लेखात आणि वनखात्याच्या एका जुन्या परिपत्रकातही भेटला होता. तेव्हा संदर्भावरून ‘उत्पन्न’ असा अर्थ लावून मी पुढे गेले होते.

हा शब्द केवळ कायद्याचा आहे की रोजच्या इंग्रजीतही वापरता येतो, त्याचा उच्चार कसा करावा, आणि भाडेकरूचा हक्क किंवा मृत्युपत्रातला ‘तहहयात हक्क’ यांच्याहून तो वेगळा आहे का, हे कोणी उलगडून सांगितल्यास मी आभारी राहीन.

उत्तर : दिवाणी_कामकाज

नमस्कार वाचनखूण. तुमची शंका रास्त आहे आणि भावाचे म्हणणे बरोबर नाही. त्याकडे शेवटी येतो.

उच्चार ‘यूझ्युफ्रक्ट’ किंवा किंचित सैल असा ‘यूझुफ्रक्ट’. आघात पहिल्या अक्षरावर येतो. ज्याच्याकडे हा हक्क असतो त्याला ‘युझुफ्रक्च्युअरी’ म्हणतात आणि हेच रूप विशेषण म्हणूनही चालते. ज्याच्याकडे मालकी उरते, पण तूर्त उपभोग नसतो, त्याला इंग्रजीत ‘बेअर ओनर’ किंवा ‘नेकेड ओनर’ म्हणतात. या दुसऱ्या शब्दाशिवाय पहिला पुरता कळत नाही, कारण युझुफ्रक्ट हा नेहमी दुसऱ्याच्या वस्तूवरचा हक्क असतो.

शब्द रोमन कायद्यातून आला. ‘उसुस’ म्हणजे वापर आणि ‘फ्रुक्तुस’ म्हणजे फळ किंवा उत्पन्न. दोन्ही मिळून हा जोडशब्द झाला. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी जो पाठ्यग्रंथ सिद्ध करविला, त्यात याची व्याख्या एका वाक्यात दिली आहे : परक्याची वस्तू वापरण्याचा आणि तिची फळे घेण्याचा हक्क, मात्र वस्तूचे मूळ सत्त्व अबाधित राखून. माझ्या मते या व्याख्येचा सर्वांत महत्त्वाचा भाग शेवटचे चार शब्द हा आहे आणि शब्दकोशांतील मराठी पर्यायांत नेमका तोच गळून पडतो. ‘फलोपभोग’ म्हटले की फळे घेणे कळते, पण झाड राखण्याची जबाबदारी कळत नाही. मालकाकडे असलेले तीन अधिकार, म्हणजे वापरणे, उत्पन्न घेणे आणि विल्हेवाट लावणे, यांपैकी पहिले दोन युझुफ्रक्च्युअरीकडे जातात आणि तिसरा मालकाकडे राहतो.

रोमन विधिज्ञांनी ‘मूळ सत्त्व’ म्हणजे काय याचा फार बारकाईने विचार केला होता. मेंढरांच्या कळपाचा युझुफ्रक्ट एखाद्याला मिळाला, तर लोकर, दूध आणि कोकरे त्याची. पण कळपातील मेंढरे मेली तर नव्या कोकरांतून त्यांची भरती करून कळपाची संख्या राखणे हेही त्याचेच काम. बागेतील वाळलेल्या झाडांच्या जागी नवी झाडे लावण्याचा नियमही याच धर्तीचा होता. गुलाम स्त्रीचे मूल हे ‘फळ’ मानून युझुफ्रक्च्युअरीला द्यावे काय, असा प्रश्न त्या समाजात उभा राहिला. माणसाच्या पोटी जन्मलेले माणूस हे फळ मानता येणार नाही, हे ब्रूटस नावाच्या विधिज्ञाचे मत अखेर ग्राह्य ठरले. गुलामगिरी गृहीत धरणाऱ्या कायद्यातही शब्दाची मर्यादा इतक्या गांभीर्याने तपासली गेली, याचे मला आजही विशेष वाटते.

हा हक्क जन्माला का आला, हे कळले की तुमच्या मावशीचा दस्तही कळतो. नवऱ्यामागे विधवेची आयुष्यभराची सोय व्हावी, पण मालमत्ता अखेरीस मुलांकडेच जावी, या गरजेतून रोममध्ये मृत्युपत्राद्वारे युझुफ्रक्ट देण्याची पद्धत रूढ झाली, असे सामान्यतः मानले जाते. आपल्याकडच्या जुन्या मृत्युपत्रांतही ‘पत्नीने तहहयात जमीन करून खावी, तिला विक्री अगर गहाण करण्याचा अधिकार नाही, तिच्या पश्चात मुलांनी समान वाटून घ्यावी’ अशी वाक्ये सर्रास आढळतात. ‘करून खाणे’ हा आपल्या शेतकरी भाषेतला वाक्प्रचार युझुफ्रक्टच्या अर्थाच्या सर्वांत जवळ जातो, असे माझे मत आहे.

आता गोव्याविषयी. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात लागू होती. वारसा आणि त्याला लागून असलेल्या विषयांसाठी तिची जागा आता राज्याच्या 2012 च्या वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्याने घेतली असून तो 2016 पासून अमलात आहे. युझुफ्रक्ट हा त्या परंपरेतील मान्य कायदेशीर हक्क आहे. त्यामुळे आईवडिलांनी घर मुलांना देऊन युझुफ्रक्ट स्वतःकडे राखणे, हा तिथे नेहमीचा व्यवहार आहे. आजपासून मालकी तुमच्या मावसबहिणीची, पण त्या घरात राहणे, ते भाड्याने देणे, नारळ उतरवून विकणे हे सर्व मावशी आणि काकांच्या हाती. त्यांच्या पश्चात मुलीला नवा दस्त करावा लागत नाही. उपभोग मालकीला येऊन मिळतो आणि मालकी परिपूर्ण होते.

गोव्याबाहेर, म्हणजे महाराष्ट्रासह उर्वरित भारतात, अशा नावाचा स्वतंत्र हक्क कायद्यात नाही. तो शब्द येतो मुख्यतः 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील ‘युझुफ्रक्च्युअरी मॉर्गेज’ या गहाणाच्या प्रकारात, कलम 58 च्या खंड (घ) मध्ये. आपण त्याला ताबेगहाण किंवा कब्जेगहाण म्हणतो. घेणेकरी जमिनीचा ताबा घेतो, पीक किंवा भाडे व्याजापोटी, मुद्दलापोटी किंवा दोन्हीपोटी वळते करतो, आणि कर्ज फिटले की ताबा परत देतो. अशा गहाणाची तारीख तीस वर्षांहून जुनी झाली म्हणून जमीन आपोआप घेणेकऱ्याची होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सिंग राम प्रकरणात स्पष्ट केले आहे. गावोगावी याविषयी चुकीची समजूत पसरलेली असल्यामुळे हे मुद्दाम लिहिले.

मुस्लिम कायद्यातही वस्तूचे मूळ, म्हणजे ‘ऐन’, आणि तिच्यापासून होणारे लाभ, म्हणजे ‘मनाफी’, असा भेद केला जातो आणि इंग्रजी निकालपत्रांत ‘मनाफी’साठी युझुफ्रक्ट हाच शब्द वापरतात. तुम्हाला सरंजामांवरच्या लेखात तो भेटला त्याचेही कारण असेच आहे. सरंजामदाराला गावाचा वसूल सैन्य किंवा पद राखण्यासाठी लावून दिलेला असे, आणि अशा देणगीत सामान्यतः महसूल दिला जातो, जमीन नव्हे, असे इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी गृहीत धरले.

राहिला भोगवटादार. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये वर्ग 1 चा भोगवटादार जमीन मुक्तपणे हस्तांतरित करू शकतो आणि वर्ग 2 च्या भोगवटादाराला त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणजे विल्हेवाटीचा अधिकार, बंधनांसह का होईना, त्याच्याकडेच असतो. युझुफ्रक्च्युअरीकडे नेमका तोच नसतो. इमारतीचे ‘भोगवटा प्रमाणपत्र’ हा आणखी तिसराच विषय. म्हणून युझुफ्रक्टसाठी ‘भोगवटा’ हा शब्द दस्तात वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

उत्तर : खारवी_आळी

वरील उत्तर वाचून आमच्या भागातील एक गोष्ट लिहावीशी वाटली. ती कायद्याच्या दृष्टीने युझुफ्रक्ट नसेल, पण ‘मूळ सत्त्व अबाधित राखून’ या शब्दांचा अर्थ तिच्यामुळे मला पटकन कळला.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात हापूसच्या बागा कराराने देण्याची रीत जुनी आहे. मालक मुंबईला असतो किंवा वयामुळे त्याला बाग झेपत नाही. मग एक, दोन किंवा तीन हंगामांसाठी ठरलेली रक्कम घेऊन तो बाग एखाद्या बागायतदाराच्या हवाली करतो. फवारणी, राखण, काढणी, पेट्या भरणे हे सगळे करार घेणाऱ्याने करायचे आणि फळ त्याचे. झाड मालकाचे.

अडचण कुठे येते, तर कल्टारपाशी. पॅक्लोब्युट्राझॉल या वाढरोधकाला आमच्याकडे त्याच्या व्यापारी नावाने सगळे ओळखतात. पावसाळ्यात ते बुंध्याभोवती जमिनीत दिले की झाडाची पालवी आवरली जाते आणि मोहोर लवकर व हमखास येतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याची मात्रा झाडाच्या विस्ताराप्रमाणे ठरवून दिलेली आहे आणि तेवढ्याच मात्रेत, पुरेशा खतपाण्यासह ते वापरायचे असते. ज्याला झाड पुढची वीस वर्षे सांभाळायचे आहे तो हे पाळतो. ज्याचा करार पुढच्या वर्षी संपणार आहे त्याला ते पाळण्याची निकड वाटेलच असे नाही. मात्रा वाढवून दोन हंगाम भरघोस फळ घेतले जाते आणि बाग परत येते तेव्हा फांद्यांची पेरे आखूड झालेली, पालवी चुरमडलेली आणि कित्येक फांद्या वाळलेल्या अशी अवस्था असते. त्यातून झाड सावरायला मालकाला अनेक वर्षे घालवावी लागतात, आणि त्या काळात उत्पन्न जवळजवळ बंद असते.

आता जाणते मालक करारात कल्टारची मात्रा, शेणखताचे प्रमाण, मेलेल्या झाडाच्या जागी कलम लावण्याची अट हे सर्व लिहून घेतात. रोमन कायद्यातील वाळलेल्या झाडाचा नियम वाचताना मला करारातील या अटी आठवल्या. फळावर हक्क सांगणाऱ्याने झाडाशी कसे वागावे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

दिवाणी_कामकाज यांनी एक सांगावे. आमच्याकडे जमीन एकाची आणि तिच्यावरची माडाची किंवा आंब्याची झाडे दुसऱ्याची, असेही असते आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर अधिकारात असते. त्याला युझुफ्रक्ट म्हणता येईल का?

उत्तर : दिवाणी_कामकाज

म्हणता येणार नाही. तिथे झाडांची मालकीच दुसऱ्याची असते. झाडवाला झाड विकू शकतो आणि ते त्याच्या वारसांकडे जाते. युझुफ्रक्ट मात्र धारकाच्या मृत्यूबरोबर संपतो आणि वारसांकडे जात नाही. तुम्ही सांगितलेला बागेचा करार हा फळांच्या विक्रीचा करार आहे. त्यात पैसे मोजून ठरावीक मुदतीचे पीक घेतलेले असते. मात्र झाड राखण्याविषयीची तुमची मांडणी मला अतिशय मोलाची वाटते, कारण न्यायालयात या विषयावरचे वाद जवळजवळ नेहमीच त्या एका मुद्द्यावर येऊन ठेपतात.

उत्तर : र्‍होनकाठ

मी गेली बरीच वर्षे फ्रान्समध्ये, लियोंला राहतो. इंग्रजीत हा शब्द दुर्मीळ असला तरी त्याचे फ्रेंच भावंड ‘युझ्युफ्रुई’ इथे घरोघरी बोलले जाते, म्हणून चार गोष्टी लिहितो.

फ्रेंच नागरी संहिता 1804 ची आहे आणि तिच्या कलम 578 मध्ये जवळपास तीच रोमन व्याख्या आहे : दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूचा मालकाप्रमाणे उपभोग घेण्याचा हक्क, परंतु तिचे सत्त्व जपण्याच्या अटीवर. इथे पती किंवा पत्नीचे निधन झाले आणि सर्व मुले त्याच दोघांची असली, तर मागे राहिलेल्या जोडीदाराला निवड करता येते. एकतर संपूर्ण मालमत्तेचा युझुफ्रक्ट घ्यावा, नाहीतर एक चतुर्थांश हिस्सा पूर्ण मालकीने घ्यावा. 2001 च्या कायद्याने ही तरतूद आली. माझ्या शेजारच्या वयोवृद्ध बाईंनी पहिला पर्याय घेतलेला आहे. त्या घराच्या मालकीण नाहीत, त्यांची तीन मुले मालक आहेत, पण त्यांच्या संमतीशिवाय मुलांना ते घर रिकामे करून विकता येत नाही, आणि त्यांना एकटीला तर ते विकताच येत नाही. जिन्यातल्या गप्पांत हा शब्द इतक्या सहजपणे येतो की नव्याने भाषा शिकणाऱ्यालाही तो लवकरच शिकावा लागतो.

वाचनखूण यांना दोन व्यावहारिक बाबी उपयोगी पडतील. पहिली दुरुस्तीची. इथे रोजची देखभाल युझुफ्रक्च्युअरीने करायची आणि मोठ्या भिंती, तुळया, संपूर्ण छप्पर अशी मोठी दुरुस्ती मालकाने. बाईंच्या घराचे छप्पर बदलायची वेळ आली तेव्हा पैसे मुलांनी भरले. नळ, रंगकाम, तापकाची वार्षिक तपासणी हे बाई बघतात. सीमारेषा वाटते तितकी स्पष्ट नसते आणि कुटुंबांत कुरबुरी होतात त्या इथेच.

दुसरी बाब मूल्याची. बक्षिसावर कर आकारताना युझुफ्रक्टची किंमत धारकाच्या वयावरून ठरवतात आणि त्यासाठी कायद्यातच कोष्टक आहे. धारकाचे वय 51 ते 60 असेल तर संपूर्ण मालमत्तेच्या 50 टक्के, 61 ते 70 असेल तर 40 टक्के, 71 ते 80 असेल तर 30 टक्के, आणि त्यापुढे दर दहा वर्षांना आणखी 10 टक्क्यांनी कमी. उरलेले मूल्य मालकीचे. वय वाढेल तसा उपभोगाचा अपेक्षित काळ घटतो आणि मालकी अधिक भरीव होत जाते, हे या आकड्यांतून फार नेमकेपणाने दिसते. ही फ्रान्समधील व्यवस्था आहे, गोव्यात हे कोष्टक लागू नाही.

अमेरिकेत लुइझियाना हे एकच राज्य या परंपरेतले. तिथल्या इंग्रजीत युझुफ्रक्ट हा शब्द वारशाच्या प्रकरणांत नित्याचा आहे. इतर राज्यांत त्याजागी ‘लाइफ इस्टेट’ म्हणतात.

वाचनखूण यांचा पुढील प्रश्न

आपण सर्वांनी इतके तपशीलवार लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन शंका उरल्या आहेत. काकांच्या नावावर बँकेत मुदत ठेव आहे, तिचाही युझुफ्रक्ट राखून ती मुलीला देता येईल का, असे त्यांनी विचारले. पैसा वापरला की संपतो, मग ‘मूळ सत्त्व’ राखायचे कसे? आणि माझा स्वतःचा भाषेविषयीचा प्रश्न असा, की कायद्याच्या बाहेर, साध्या निबंधात किंवा भाषणात हा शब्द वापरला तर तो कृत्रिम वाटेल का?

उत्तर : दिवाणी_कामकाज

काकांनी विचारलेली शंका रोमन विधिज्ञांनाही पडली होती. धान्य, मद्य, तेल, पैसा या वापरताच संपणाऱ्या वस्तू. त्यांचा खरा युझुफ्रक्ट होऊ शकत नाही हे त्यांनी मान्य केले आणि साम्राज्याच्या आरंभीच्या काळात सिनेटच्या ठरावाने एक पर्यायी मार्ग निघाला. धारकाने वस्तू खुशाल वापरावी, पण मुदत संपताना तितकीच आणि त्याच प्रतीची वस्तू किंवा तिचे मूल्य परत मिळेल अशी हमी आधी द्यावी. याला ‘क्वासी युझुफ्रक्ट’ म्हणतात. मुदत ठेवीत प्रश्न थोडा सोपा असतो, कारण ठेवीचे मुद्दल आणि तिचे व्याज वेगळे दाखवता येते आणि व्याज हे फळ मानले जाते. तरीही बँकेच्या नोंदीत ठेव एकाच्या नावे आणि व्याज दुसऱ्याला, हे बसवणे किचकट होते. माझा सल्ला असा, की ठेव या दस्तात गोवू नये. काकांना व्याज हवे आहे आणि पश्चात रक्कम मुलीला जावी एवढाच हेतू असेल, तर त्या ठेवीपुरती मृत्युपत्रात तरतूद करणे सरळ पडेल.

भाडेकरूचा आणि तहहयात हक्काचा प्रश्न राहून गेला होता. भाडेकरू मोबदला देतो आणि त्याचा हक्क कराराच्या अटींनी बांधलेला असतो. युझुफ्रक्च्युअरी सहसा काही मोबदला देत नाही आणि तो स्वतः भाडेकरू ठेवून भाडे घेऊ शकतो. मृत्युपत्रातील तहहयात हक्क फळाच्या बाबतीत युझुफ्रक्टसारखाच, पण महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबांनी तिथे एक गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. स्त्रीला मर्यादित हक्क दिला आणि तो तिच्या पूर्वीपासूनच्या पोटगीच्या हक्कापोटी असेल, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 14(1) नुसार ती संपूर्ण मालक होते. सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली तुळसम्मा प्रकरणात हे सविस्तर मांडले. हक्क मृत्युपत्रानेच प्रथम निर्माण झाला असेल, तर कलम 14(2) प्रमाणे मर्यादा टिकते. म्हणजे ‘तहहयात करून खावे’ असे लिहिले म्हणून विधवा पत्नीची मालकी रोखली गेलीच, असे धरून चालू नये. ज्या स्त्रियांना याची माहिती नाही त्या आयुष्यभर स्वतःच्याच जमिनीत आश्रितासारख्या राहतात, म्हणून हे सांगणे मला आवश्यक वाटते.

उत्तर : धानोरा_रस्ता

भाषेविषयीच्या शंकेचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, आणि त्याच ओघात वनखात्याच्या परिपत्रकाचाही उलगडा होईल.

कायद्याबाहेर हा शब्द जपून, पण नक्की वापरता येतो. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांचे आहे. 6 सप्टेंबर 1789 रोजी पॅरिसहून आपले सहकारी जेम्स मॅडिसन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी असे प्रतिपादन केले, की पृथ्वी ही जिवंत माणसांकडे युझुफ्रक्टने आहे आणि मृतांना तिच्यावर कोणताही अधिकार नाही. त्यांचा रोख सार्वजनिक कर्जावर होता. एका पिढीने काढलेले कर्ज पुढच्या पिढीवर लादता येत नाही, हे दाखवण्यासाठी त्यांनी मृत्युमानाच्या कोष्टकांवरून एका पिढीचा काळ 19 वर्षे असा काढला. आज पर्यावरणावर लिहिणारे हेच वाक्य जंगल, भूजल आणि खनिजे यांच्या संदर्भात घेतात. भूजलाविषयी बोलताना ‘वापर’ म्हटले तर मर्यादा कळत नाही आणि ‘मालकी’ म्हटले तर विपर्यास होतो. तिथे हा शब्द नेमका बसतो. मात्र केवळ ‘फायदा’ किंवा ‘वापर’ म्हणायचे असताना तो घालणे योग्य नाही. दुसऱ्याची वस्तू, तिचे फळ आणि ती राखण्याचे बंधन ही तिन्ही अंगे वाक्यात असतील तेव्हाच तो वापरावा.

तुम्ही ज्या परिपत्रकाविषयी लिहिले आहे ते बहुधा केंद्र सरकारचे 1 जून 1990 चे असावे. संयुक्त वन व्यवस्थापनाची सुरुवात त्यातून झाली. उजाड वनजमिनीवर जंगल वाढवण्यात आणि राखण्यात सहभागी होणाऱ्या गावकऱ्यांना गवत, फांद्यांची तोड आणि गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या इतर वस्तू) यांचे ‘युझुफ्रक्ट’ द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. शब्द अनेकवचनी आहे आणि तिथे त्याचा अर्थ हक्कापेक्षा उत्पन्न असा अधिक आहे. त्यामुळे तुम्ही लावलेला अर्थ त्या जागी बरोबरच होता. पण जंगल कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या शब्दात आधीच दिलेले होते. फळ गावाचे, झाड सरकारचे.

2006 च्या वनहक्क कायद्याने हा शब्द बाजूला ठेवला. त्याच्या कलम 3(1)(ग) मध्ये परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर ‘मालकीचा’ हक्क दिला आहे, आणि बांबूचा समावेश गौण वनोपजात केला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू वाहून नेण्याचा परवाना कोणी द्यायचा, यावर अडवणूक चालूच राहिली. बांबू तोडण्याचा हक्क आहे, पण तो विकण्यासाठी गावाबाहेर नेता येत नाही, अशी ती स्थिती होती. अखेर एप्रिल 2011 मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. त्या भागात काम करताना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. ग्रामसभांच्या बैठकांत वयस्कर माणसे तोडीचे नियम स्वतः घालून घेतात, म्हणजे कोवळा बांबू तोडायचा नाही, रांजी, म्हणजे बांबूचे बेट, पूर्ण साफ करायची नाही, कोंब राखायचे. हे नियम त्यांच्यावर कोणी लादलेले नाहीत. मालकी मिळाल्यावर गावाने सत्त्व राखण्याचे बंधन आपण होऊन पत्करले, आणि म्हणून ‘गावकऱ्यांना फक्त युझुफ्रक्ट द्यावा, मालकी दिली तर जंगल संपेल’ हा जुना युक्तिवाद मला मान्य नाही.

उत्तर : दिवाणी_कामकाज

धानोरा_रस्ता यांच्या उत्तरामुळे चर्चा अधिक सकस झाली.

वाचनखूण, दस्तावर सह्या होण्यापूर्वी चार गोष्टी वकिलांकडून स्पष्ट लिहून घ्या. युझुफ्रक्ट मावशी आणि काका दोघांच्या नावे असावा आणि एकाच्या पश्चात तो निम्मा न संपता संपूर्णपणे दुसऱ्याकडे चालू राहील, असे शब्द असावेत. मोठी दुरुस्ती, घरपट्टी आणि माडांची निगा यांचा खर्च कोणी करायचा तेही लिहावे. र्‍होनकाठ यांनी दाखवलेली सीमारेषा दस्तातच आखली तर पुढे बोलाचाली होत नाही. मालमत्ता विकायची झाल्यास दोन्ही पक्षांच्या सह्या लागतील, हेही नमूद करावे. आणि तुमच्या मावसबहिणीला भावंडे असतील, तर गोव्याच्या कायद्यात अपत्यांसाठी राखीव असलेला निम्मा हिस्सा या बक्षिसामुळे बाधित होत नाही ना, हे आधी तपासून घ्यावे.

दस्ताचा मराठी गोषवारा काकांसाठी करणार असाल तर एकाच शब्दावर विसंबू नका. ‘सदर घर व बागेची मालकी आजपासून मुलीकडे राहील. आम्ही उभयतां, व आमच्यापैकी मागे राहील ती व्यक्ती, तहहयात त्या घरात राहू, ते भाड्याने देऊ व बागेचे उत्पन्न घेऊ. घर व बाग आम्ही सुस्थितीत राखू आणि विक्री, गहाण अगर बक्षीस करणार नाही’ असे सविस्तर लिहावे, आणि ‘उझुफ्रुतु’ हा काकांच्या ओळखीचा शब्द त्यापुढे तसाच ठेवावा.